सहजीवन : शास्त्र आणि रूपकें

सृष्टीकडे पाहून मनुष्यानें आपल्यासाठीं नीति शोधावी, ही प्रवृत्ति फार जुनी आहे. भागवताच्या एकादश स्कंधांतील अवधूतानें चोवीस गुरु केले. त्यांत पृथ्वी, वायु, समुद्र यांच्याबरोबर अजगर, कपोत, मधमाशी आणि कोळी हेही आहेत. एकनाथांमुळें ती कथा महाराष्ट्रांत घरोघर पोहोंचली. युरोपांत हें गुरुत्व गेल्या दीडशें वर्षांत उत्क्रांतिशास्त्राकडे आलें. डार्विनचा जातींच्या उगमाविषयींचा ग्रंथ १८५९ सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्यांतील जीवनकलहाचें तत्त्व जीवशास्त्राच्या हद्दीबाहेर पडून गिरणीमालक, सेनापति आणि साम्राज्यवादी मुत्सद्दी यांच्या तोंडीं बसलें. हक्स्लेनें १८८८ सालच्या एका निबंधांत प्राणिसृष्टीला ग्लॅडिएटरांच्या झुंजीची उपमा दिली. त्याला उत्तर म्हणून क्रोपॉट्किननें लिहिलेले लेख १९०२ सालीं 'म्युच्युअल एड' ह्या नांवानें ग्रंथरूप झाले, आणि परस्परसाहाय्य हाही निसर्गाचाच नियम आहे असें सांगणारा दुसरा पक्ष उभा राहिला. आतां ह्या दोन पक्षांच्या जोडीला तिसरें तत्त्व येऊन बसलें आहे. जीव एकमेकांशीं झगडतात किंवा एकमेकांना मदत करतात, एवढ्यावरच गोष्ट संपत नाहीं. कधीं कधीं भिन्न जीव एकमेकांत मिसळून जातात आणि त्यांतून पूर्वीं नव्हता असा, अधिक गुंतागुंतीचा, एकच नवा जीव तयार होतो, असें हें तत्त्व आहे.

ह्या तत्त्वाचा आजवरचा सर्वांत प्रभावी पुरस्कार लिन मार्ग्युलिस (१९३८–२०११) ह्या अमेरिकन विदुषीनें केला. त्यांचे मुख्य ग्रंथ तज्ज्ञांसाठीं आहेत. परंतु १९९८ सालीं निघालेलें 'सिंबायोटिक प्लॅनेट' हें लहानसें पुस्तक त्यांनीं सामान्य सुशिक्षित वाचकासाठीं लिहिलें, आणि त्यांच्या मतांची ओळख पुष्कळांना त्यानेंच झाली. प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय साहित्य शिकविण्याचा आहे. सूक्ष्मदर्शकाशीं त्याचा संबंध नाहीं. सिद्धांताच्या खरेपणाविषयीं तज्ज्ञांचा निर्णय तो शिरोधार्य मानतो. परंतु सिद्धांत ज्या शब्दांत सांगितला जातो, ते शब्द पारखण्याचा अधिकार साहित्याच्या अभ्यासकाला आहे. आणि ह्या विषयांत शब्दांनीं जेवढा प्रकाश पाडला आहे, जवळ जवळ तेवढाच गोंधळही घातला आहे, असें त्याचें मत आहे.

प्रथम विषय समजून घेऊं. आपल्या घरांतल्या गोड्या मसाल्यांत पडणारें दगडफूल हें फूल नव्हे, आणि खरें पाहतां ती एक वनस्पतिही नव्हे. एक बुरशी आणि एक सूक्ष्म शैवाल मिळून तें बनलेलें असतें. शैवाल सूर्यप्रकाशाच्या बळावर साखर तयार करतें. बुरशी तिच्यांतला वांटा घेते आणि शैवालाला आसरा व ओलावा देते. दोघांना प्रयोगशाळेंत निरनिराळें करतां येतें. तेव्हां शैवाल एकटें सुखानें वाढतें. बुरशी मात्र आकारहीन गोळा होऊन राहते, दगडफुलाचें रूप तिला एकटीला धारण करतां येत नाहीं. सायमन श्वेंडेनर ह्या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञानें हें द्वैत १८६७ सालीं जाहीर केलें आणि १८६९ सालच्या ग्रंथांत सविस्तर मांडलें. त्याच्यावर टीकेचें मोठें वादळ उठलें. दगडफुलांच्या जाति ओळखण्यांत ज्यांनीं आयुष्य घालविलें होतें, त्यांना आपला विषय म्हणजे दोन परक्या जीवांची मिसळ आहे हें ऐकणें असह्य झालें. पण श्वेंडेनरनें योजलेली उपमाही ध्यानांत घेण्याजोगी आहे. त्याच्या वर्णनांत बुरशी ही मालकीण असून शैवालें हे तिनें जाळ्यांत धरून कामाला जुंपलेले गुलाम आहेत. अमेरिकेंत गुलामगिरी कायद्यानें १८६५ सालीं संपली. चार वर्षांनीं ती वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत अवतरली.

अँटोन डी बारी ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १८७८ सालीं कासेल येथील व्याख्यानांत ह्या प्रकाराला 'सिंबायोसिस' हें नांव रूढ केलें. त्याची व्याख्या कोरडी आणि निःपक्षपाती होती. दोन भिन्न जातींचे जीव एकत्र राहिले कीं झालें. त्यांत लाभ कोणाचा आणि हानि कोणाची, हा प्रश्न त्यानें व्याख्येंत आणलाच नाहीं. आंब्याच्या फांदीवरचें बांडगूळही तिच्यांत बसतें. मराठींत आपण ह्या शब्दासाठीं 'सहजीवन' हा शब्द घेतला. शब्द सुरेख आहे, अर्थालाही धरून आहे. परंतु तोच शब्द आपण लग्नपत्रिकेंत आणि विवाहाच्या वाढदिवशीं वापरतों. त्यामुळें मराठी वाचकाच्या कानाला त्यांत आपोआप प्रेम, विश्वास आणि सुखदुःखांतील भागीदारी ऐकूं येते. डी बारीच्या शब्दांत ह्यांपैकीं कांहींच नव्हतें.

एकत्र राहण्यापासून एकरूप होण्यापर्यंतचें पुढचें पाऊल टाकलें तें कॉन्स्टँटिन मेरेश्कोव्स्की ह्या रशियन शास्त्रज्ञानें. हिरव्या पानाच्या पेशींत जीं हरितलवकें असतात, तीं पेशीनें निर्माण केलेले अवयव नसून प्राचीन काळीं पेशींत शिरलेले स्वतंत्र जीव आहेत, असें त्यानें १९०५ सालीं प्रतिपादन केलें. ह्या विचाराच्या समर्थनार्थ त्यानें रचलेलें रूपक विलक्षण आहे. सिंह रक्तपिपासु कां आणि ताडाचें झाड शांत कां, असा प्रश्न तो करतो. आणि उत्तर देतो कीं, ताडाच्या पोटीं असंख्य हिरवे गुलाम राबत असतात, म्हणून त्याला शिकार करावी लागत नाहीं. सिंहाच्या पेशींत हरितलवकें भरलीं तर तोही ताडाशेजारीं स्वस्थ पडून राहील. वाचतांना हसूं येतें, पण जरा थांबून पाहिलें म्हणजे ह्या शांतीचें स्वरूप उमगतें. रशियांत भूदासांची मुक्तता १८६१ सालीं झाली, त्या वेळीं मेरेश्कोव्स्की लहान मुलगा होता. दुसऱ्याच्या श्रमावर पोसलेल्या जमीनदाराचें स्वास्थ्य हेंच त्याच्या ताडाचें स्वास्थ्य आहे.

मेरेश्कोव्स्कीच्या नंतर रशियांत कोझो-पोल्यान्स्कीनें १९२४ सालीं आणि अमेरिकेंत आयव्हन वॉलिननें १९२७ सालीं हाच विचार ग्रंथरूपानें मांडला. वॉलिनचा दावा असा कीं, प्रत्येक प्राण्याच्या पेशींत ज्या तंतुकणिका असतात आणि ज्या अन्नापासून शक्ति काढून देतात, त्या मूळच्या जीवाणु आहेत; इतकेंच नव्हे तर त्या पेशीबाहेर काढून आपण वाढविल्याही आहेत. हा प्रयोग इतरांना मान्य झाला नाहीं, आणि प्रयोगाबरोबर कल्पनाही बुडाली. पेशीशास्त्राचा श्रेष्ठ आचार्य ई. बी. विल्सन यानें आपल्या ग्रंथाच्या १९२५ सालच्या आवृत्तींत अशा कल्पनांचा उल्लेख करतांना त्या सभ्य शास्त्रज्ञांच्या बैठकींत पुष्कळांना विचित्र वाटतील असें म्हटलें. परंतु कधीं काळीं त्यांचा गंभीरपणें विचार करावा लागेल, हेंही त्यानें प्रांजळपणें नमूद केलें. ह्या सर्व मंडळींजवळ प्रतिभा होती. उणीव होती ती कसोटीची. त्यांचें म्हणणें खरें कीं खोटें हें ठरवावयाचें कसें, तें त्यांना सांगतां येत नव्हतें.

मार्ग्युलिसबाईंचें श्रेष्ठत्व नेमकें येथें आहे. तिशीही न गांठलेल्या ह्या बाईंनीं १९६७ सालीं आपला प्रबंध प्रसिद्ध केला. त्यावर त्यांचें तेव्हांचें लिन सेगन हें नांव आहे. तत्पूर्वीं सुमारें पंधरा नियतकालिकांनीं तो नाकारला असें त्या सांगत. ह्या प्रबंधानें नवी कल्पना आणली असें नाहीं. जुन्या कल्पनेला कसोट्या दिल्या. हरितलवकें आणि तंतुकणिका जर मूळचे जीवाणु असतील, तर त्यांच्याजवळ स्वतःचीं जनुकें असलीं पाहिजेत, तीं जीवाणूंच्या जनुकांशीं जुळलीं पाहिजेत, आणि त्यांचें प्रथिनें बनविण्याचें यंत्रही जीवाणूंच्या धाटणीचें असलें पाहिजे. हरितलवकांत डीएनए असल्याचा पुरावा १९६२ सालीं आणि तंतुकणिकांत तो असल्याचा पुरावा १९६३ सालीं पुढें आला होता. पुढें १९७५ ते १९७७ ह्या काळांत रेणूंच्या तुलनेनें हरितलवकांचें नातें नीलहरित जीवाणूंशीं आणि तंतुकणिकांचें नातें दुसऱ्या एका जीवाणुकुळाशीं जुळलें. टायफस ज्वर उत्पन्न करणाऱ्या जीवाणूचा जनुकसंच १९९८ सालीं वाचला गेला, तेव्हां तो आपल्या तंतुकणिकांचा जवळचा नातलग निघाला. आज ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत आहे. सुमारें दीड ते दोन अब्ज वर्षांपूर्वीं झालेल्या एका संयोगांतून वड, बेडूक, हत्ती आणि मनुष्य ह्या सर्वांच्या पेशींचा वंश सुरू झाला, याविषयीं आतां शास्त्रज्ञांत वाद राहिलेला नाहीं.

आतां पुस्तकाविषयीं. 'सिंबायोटिक प्लॅनेट' हें वाचनीय पुस्तक आहे यांत शंका नाहीं. त्यांत आत्मचरित्राचे धागे आहेत, प्रकरणांच्या आरंभीं एमिली डिकिन्सनच्या कवितांच्या ओळी आहेत, आणि चिखल, शेवाळ व किड्यांचीं पोटें यांविषयीं लेखिकेला वाटणारें प्रेम पानोपानीं जाणवतें. ब्रिटनीच्या किनाऱ्यावरचे हिरवे कृमी, ज्यांना मोठेपणीं तोंडाचा उपयोग उरत नाहीं, कारण त्यांच्या अंगांतलीं शैवालें त्यांना पोसतात, ह्यांचें वर्णन वाचून कोणाचेंही कुतूहल जागें होईल. शास्त्राला रुक्ष समजणाऱ्या वाचकाच्या हातीं हें पुस्तक अवश्य द्यावें. व्यक्ति ही एकसंध वस्तु नसून तीही एक वस्ती आहे, हा विचार इतक्या सहजतेनें क्वचितच सांगितला गेला असेल.

परंतु ह्या पुस्तकाचे दोष त्याच्या गुणांतूनच निघाले आहेत. ज्या विचारानें एक मोठा विजय मिळवून दिला, तोच विचार सर्व कुलुपांची किल्ली आहे असें बाईंना वाटूं लागलें. पेशींना पोहतां यावें म्हणून जे चाबकासारखे पुच्छ असतात, तेही मूळचे नागमोडी जीवाणु होत, असा त्यांचा आग्रह शेवटपर्यंत राहिला. पण ज्या कसोट्या हरितलवकें आणि तंतुकणिका उतरल्या, त्यांना हे पुच्छ उतरले नाहींत. पुढें २००२ सालच्या 'अक्वायरिंग जिनोम्स' ह्या ग्रंथांत नव्या जाति मुख्यतः अशाच संयोगांतून जन्मतात, हा दावा त्यांनीं केला. तोही मान्यता पावला नाहीं. पंधरा नकार पचवून जो लेखक शेवटीं खरा ठरतो, त्याला सोळावा नकारही आपल्या खरेपणाचाच पुरावा वाटूं लागतो. हा मनुष्यस्वभाव आहे, आणि त्याची दया येते. परंतु टीकाकारानें त्याकडे डोळेझांक करूं नये. नकार हा सत्याचा विरोधक नव्हे, तसाच तो सत्याचा साक्षीदारही नव्हे.

दुसरा दोष रूपकाचा आहे, आणि प्रस्तुत लेखाचा मुख्य विषय तोच. लाभ, तोटा, भांडवल असे बाजारांतले शब्द जीवशास्त्रांत घुसल्याबद्दल मार्ग्युलिसबाईंनीं अनेकदां नापसंती व्यक्त केली आहे, आणि तें योग्यच आहे. परंतु आपल्या पुत्रासह लिहिलेल्या 'मायक्रोकॉस्मॉस' (१९८६) ह्या ग्रंथांत, जीवांनीं पृथ्वी व्यापली ती झुंजीनें नव्हे तर परस्परांशीं जाळें विणून, अशा अर्थाचें विधान त्यांनीं केलें. हें विधान जगभर गाजलें. जीवनकलहाच्या तत्त्वाला कंटाळलेल्या मनाला तें औषधासारखें वाटलें, आणि सहकार्य हाच निसर्गाचा संदेश असल्याचें प्रतिपादन करणाऱ्यांना एक शास्त्रीय आधार सांपडला. श्वेंडेनरचे गुलाम गेले आणि त्यांच्या जागीं सहकारी मंडळी आली. ह्या बदलानें मन प्रसन्न होतें. पण वस्तुस्थितीचें वर्णन अधिक अचूक होतें काय?

वस्तुस्थिति काय आहे तें पाहूं. मनुष्याच्या तंतुकणिकेंतील जनुकसंच १९८१ सालीं संपूर्ण वाचला गेला. त्यांत १६,५६९ अक्षरें आणि अवघीं ३७ जनुकें आहेत. त्यांपैकीं प्रथिनें बनविणारीं तेरा. तंतुकणिकेला लागतात हजाराहून अधिक प्रथिनें. उरलेल्या सर्वांचा आराखडा पेशीच्या केंद्रकांत आहे. म्हणजे कधीं काळीं हजारों जनुकें बाळगणाऱ्या स्वतंत्र जीवाजवळ आज तेरा प्रथिनांपुरती सत्ता उरली आहे. बाकीची कांहीं नष्ट झाली, कांहीं यजमानाच्या तिजोरींत जमा झाली. ह्याला सहकार म्हणावें कीं खालसा झालेलें संस्थान म्हणावें? पण उलट बाजूही तितकीच खरी आहे. ह्या पाहुण्यावांचून आपला प्राण कांहीं मिनिटेंही टिकत नाहीं. आणि पेशीनें स्वतःहून मरावयाचें ठरतें तेव्हां मृत्यूचा इशारा बहुधा तंतुकणिकेंतूनच सुटतो. ज्याच्याजवळ सत्ता उरली नाहीं असें आपण म्हटलें, त्याच्याच हातीं घराचा जीव आहे. हा गुलाम नव्हे, आणि हा मित्रही नव्हे. ह्या नात्याला मनुष्याच्या व्यवहारांत नांव नाहीं.

असा संयोग घडतो कसा, याचें एक उदाहरण शास्त्रज्ञांच्या डोळ्यांदेखत घडलें आहे. क्वांग जिऑन ह्या कोरियांत जन्मलेल्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेंतील अमीबांना १९६६ सालीं एका जीवाणूची बाधा झाली. बहुतेक अमीबा मेले. जे वांचले ते रोडावले, पण त्यांच्या पोटांत हजारों जीवाणु तसेच राहिले. कांहीं वर्षांनीं जिऑननें बाधित अमीबाचें केंद्रक काढून निरोगी अमीबाच्या शरीरांत बसविलें, तर तें तेथें जगेना. जीवाणु पुन्हा आंत सोडले म्हणजे मात्र तग धरी. आलेला रोग मुरत मुरत गरज बनला होता. हें वर्णन ज्यानें वाचलें आहे, त्याला सहजीवनाच्या आरंभीं सामंजस्य असलेंच पाहिजे असें म्हणवणार नाहीं. आरंभीं येथें मृत्यु होता. आणि पुढें जें आलें तें प्रेम नव्हे, तर एकमेकांवांचून न चालणें होतें.

'गिळणें' हा दुसरा रूढ शब्द. मोठ्या पेशीनें लहान जीवाणूला गिळलें आणि तो पचला नाहीं, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. अगस्तीनें वातापीला पचविलें; येथें वातापि पचला नाहीं आणि पोट फोडून बाहेरही आला नाहीं, तो संसार थाटून राहिला. कथा रंजक आहे, परंतु तिच्यांतील अगस्ति कोण, हें अलीकडेपर्यंत कळलें नव्हतें. ग्रीनलंड आणि नॉर्वे यांच्या दरम्यान समुद्रतळाच्या गाळांत 'लोकी' कुळांतील आदिजीवांचीं जनुकें सांपडल्याचें २०१५ सालीं प्रसिद्ध झालें; आपल्या पेशींचा यजमान पूर्वज ह्यांच्या नात्यांतला, असें दिसूं लागलें. जपानी शास्त्रज्ञांनीं २००६ सालीं समुद्राच्या तळांतून आणलेल्या गाळावर बारा वर्षें चिकाटीनें काम करून अशा गोत्राचा एक जीव प्रयोगशाळेंत वाढविला आणि त्याचें वर्णन २०२० सालीं प्रसिद्ध केलें. हा जीव अत्यंत लहान आणि मंदगति आहे; इतर सूक्ष्म जीवांच्या सोबतीवांचून तो वाढत नाहीं; आणि त्याच्या अंगाला लांब, फांटे फुटलेल्या भुजा आहेत. ह्या भुजांच्या गुंत्यांत शेजारी हळूहळू अडकत गेला असावा, अशी कल्पना त्या शास्त्रज्ञांनीं मांडली आहे. ती खरी ठरल्यास 'गिळणें' हा शब्दही सोडावा लागेल.

आणि हे संयोग केवळ प्राचीन नाहींत. समुद्रांतील एका सूक्ष्म शैवालाच्या पोटीं हवेंतील नायट्रोजन वापरण्यायोग्य करून देणारा जीवाणु राहतो. तो आतां पाहुणा राहिला नसून पेशीचा अवयवच झाला आहे, असें २०२४ सालीं दाखविलें गेलें. हा संयोग सुमारें दहा कोटि वर्षांचा, म्हणजे ह्या हिशेबांत कालपरवांचा, आहे. उलटपक्षीं, एका प्राण्याच्या आंतड्यांतील सूक्ष्म जीवाच्या पेशींत तंतुकणिका मुळींच नाहींत, असें २०१६ सालीं आढळलें. त्याच्या पूर्वजांजवळ त्या होत्या. परंतु तिचें अत्यावश्यक काम करणारीं दुसरीं साधनें इतर जीवाणूंकडून हातीं लागल्यावर जुन्या भागीदाराची गरज उरली नाहीं, आणि तो नाहींसा झाला. दीड अब्ज वर्षांच्या सहवासानंतरही निसर्गानें त्याच्यासाठीं एक अश्रु ढाळला नाहीं.

येथें कोणी विचारील कीं, शब्दांवरून एवढा खल कशासाठीं? शास्त्रज्ञाला गुलाम म्हणूं द्या, सहकारी म्हणूं द्या. पेशीला त्याचें काय? पेशीला कांहींच नाहीं. परंतु आपल्याला आहे. कारण रूपक एकदां शास्त्राच्या मुद्रेनें परत आलें म्हणजे तें घरांत अधिकारानें बोलूं लागतें. कलहाचें रूपक असेंच परत आलें होतें, आणि दुर्बळाला चिरडणें हा सृष्टिनियम आहे असें सांगून त्यानें विसाव्या शतकांत काय केलें, तें इतिहासाला ठाऊक आहे. विलीन होण्याचें रूपक सौम्य दिसतें म्हणून तें निर्धोक आहे असें नाहीं. नव्या सुनेनें घरांत दुधांत साखर विरघळावी तसें विरघळून जावें, असें आपण किती कौतुकानें म्हणत आलों! दूध गोड झालें हें सर्वांनीं पाहिलें. साखर कोठें गेली, हें फारसें कोणी विचारलें नाहीं. लहान भाषा मोठ्या भाषेंत, लहान समाज मोठ्या समाजांत मिसळतो, तेव्हांही आपण एकीचा उत्सव करतों आणि सदतीस जनुकें उरलेल्या भागीदाराची विचारपूस करावयाचें विसरतों. उद्यां कोणी म्हणेल कीं, निसर्गांत सारी उच्च जीवसृष्टि विलीनीकरणांतूनच निर्माण झाली, मग तुम्हीं आपलें वेगळेपण कां कवटाळून बसतां? त्याला उत्तर एकच आहे. तंतुकणिकेला संमति देतां येत नव्हती आणि नाकारतांही येत नव्हतें. मनुष्याला दोन्ही येतें. जेथें संमति आहे तेथेंच सहजीवन हा शब्द त्याच्या मराठी अर्थानें शोभतो, आणि तो अर्थ पेशींतून आलेला नाहीं. तो आपण पेशीला उसना दिला आहे.

याचा अर्थ सृष्टीपासून कांहीं शिकूं नये असा नव्हे. अवधूताची कथा बारकाईनें पाहिली तर तिच्यांत एक मोठें शहाणपण आढळतें. त्यानें प्रत्येक गुरूचें अनुकरण केलें नाहीं. कपोत कुटुंबाच्या मोहानें जाळ्यांत सांपडून मेला, तेव्हां तसें वागूं नये हें तो शिकला. एकाच मधमाशीपासून त्यानें दोन धडे घेतले : सर्व फुलांतून सार ग्रहण करावें हा एक, आणि संचय करूं नये हा दुसरा. धडा मधमाशींत नव्हता. तो निवडणाऱ्याच्या विवेकांत होता. क्रोपॉट्किनच्या आणि हक्स्लेच्या अनुयायांना जें उमजलें नाहीं, तें ह्या भटक्या संन्याशाला उमजलें होतें.

मार्ग्युलिसबाईंच्या पुस्तकाविषयीं निर्णय द्यावयाचा तर तो असा : जेथें जेथें त्यांनीं कसोटी पुढें केली, तेथें तेथें त्या शास्त्राच्या इतिहासांत चिरस्थायी झाल्या, जेथें रूपक पुढें गेलें आणि कसोटी मागें राहिली, तेथें त्या मेरेश्कोव्स्कीच्या पंक्तीला जाऊन बसल्या. तरीही त्यांचें ऋण मोठें आहे. आपण एकटे नाहीं, आपल्या पेशींत एका परक्या वंशाचा जीव दीड अब्ज वर्षांहून अधिक काळ नांदतो आहे आणि तो आपल्याला केवळ आईकडून मिळालेला आहे, हें ज्ञान मनुष्याच्या अहंकाराला नम्र करणारें आहे. हें पुस्तक घरांत वडील माणसांनीं वाचावें आणि कॉलेजांतल्या मुलामुलींना वाचावयास द्यावें. मात्र मराठींत ह्या विषयावर जो कोणी लिहील, त्यानें गुलाम, गिळणें, सहकार, संसार हे शब्द लेखणीशीं आले म्हणजे एक क्षण थांबून, पेशी ह्यांतलें खरोखर किती करते, एवढें स्वतःला विचारावें. तेवढें केल्यास विषयाचें नवल तसूभरही कमी होणार नाहीं.